सायकलच्या दुकानातून

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजण शाळेला सायकलने येतात? आमच्या वारणानगरला सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहिले, की कोडोली, पारगाव, बहिरेवाडीकडून येणाऱ्या सायकलींची रांगच दिसते. कुणाच्या हँडलला डबा लटकलेला असतो, कुणाच्या कॅरिअरवर मित्र बसलेला असतो. शेजारून उसाने भरलेल्या ट्रॉल्या जातात आणि ही मुले अंग चोरून आपली सायकल पुढे काढतात. मालेगाव, भिवंडी, मिरज, तुम्ही कुठेही राहत असा, हे दृश्य तुमच्या ओळखीचे असेल.

आज सायकलकडे कोणी मान वळवून पाहत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी गावात सायकल आली, की ती पाहायला माणसे गोळा होत. त्या काळात दोन भावांनी बेळगावला सायकलचे दुकान काढले. त्या दुकानातून पुढे एक कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यात लोखंडी नांगर झाले, उसाचे चरक झाले, पंप झाले. विहिरीवरच्या पंपावर तुम्ही एक नाव वाचले असेल : किर्लोस्कर. त्या दोन भावांपैकी धाकटे म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. हा पाठ त्यांच्याविषयी आहे. मधूनमधून तो सायकलविषयीही आहे, कारण सायकल समजली की लक्ष्मणराव अधिक चांगले समजतात.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत विद्वान होते. मुलाने खूप शिकावे असे त्यांना वाटणे साहजिक होते. पण लक्ष्मणचे लक्ष शाळेच्या पुस्तकात रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे, हे त्याचे दोन छंद. एखादी वस्तू कशी चालते हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. वडिलांना ही लक्षणे काही चांगली वाटली नाहीत. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, मात्र धाकट्याच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधाराने १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

तेथे दोन वर्षे गेली आणि एक गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक कळत नव्हता. याला रंगांधळेपणा म्हणतात. हा दोष जन्मतःच असतो आणि सरावाने जात नाही. विचार करा, ज्याला चित्रकार व्हायचे आहे, त्याला अठराव्या वर्षी असे कळावे! गावी परत जाऊन काय सांगायचे? पण लक्ष्मणराव परत गेले नाहीत. यंत्रांच्या रेखाचित्रांना रंग लागत नाहीत. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा आणि अचूक मापे, एवढेच पुरते. ते ही चित्रे काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांची रेखाटने शिकवणारे साहाय्यक शिक्षक झाले. संस्थेतील यंत्रे हाताळायची संधी मिळाली, ती त्यांनी सोडली नाही.

याच दिवसांत मुंबईत त्यांनी एका माणसाला सायकलवरून जाताना पाहिले. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, याचे इतरांना नवल वाटले असेल. यंत्रांची रेखाचित्रे काढणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र त्यात चाके, साखळी आणि दाते दिसणार!

आता या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. त्याआधीच्या सायकलींचे पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच असे आणि मागचे अगदी लहान. पायडल पुढच्याच चाकाला बसवलेले असत. पायडल एकदा फिरले, की चाकही एकदाच फिरे. म्हणून वेग हवा असेल तर चाक मोठे करण्यावाचून इलाज नव्हता. त्या उंच बैठकीवरून माणूस पडला तर थेट तोंडावर पडे. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी जी सायकल तयार केली, तिची दोन्ही चाके जवळपास सारखी होती आणि पायडलची ताकद साखळीने मागच्या चाकाला दिलेली होती. तुमची-आमची सायकल ही तिचीच लेक.

साखळीने काय साधले, ते हिशेबाने पाहा. समजा, पायडलजवळच्या मोठ्या चक्राला ४८ दाते आहेत आणि मागच्या लहान चक्राला १६. पायडलचा एक फेरा झाला, की साखळी ४८ दाते पुढे सरकते. १६ दात्यांचे चक्र तेवढ्यात तीनदा फिरते. आता चाकाचा व्यास २८ इंच धरा. परीघ किती? २८ ला २२ ने गुणून ७ ने भागा : ८८ इंच, म्हणजे ७ फूट ४ इंच. असे तीन फेरे म्हणजे २२ फूट. पायाचा एकच फेरा आणि तुम्ही २२ फूट पुढे! एक किलोमीटर जायला असे सुमारे दीडशे फेरे पुरतात. गणिताच्या तासाला हा हिशेब दिला असता तर तुम्ही तोंड वाकडे केले असते, हे मला माहीत आहे.

पण येथे एक अट आहे. यंत्र फुकट काही देत नाही. एका फेऱ्यात जास्त अंतर हवे असेल, तर पायाला जोरही जास्त लावावा लागतो. सपाट रस्त्यावर हे चालते. जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळ्याचा घाट चढायला लागलात, की मांड्या भरून येतात. गिअरच्या सायकलला मागे लहानमोठी अनेक चक्रे असतात. चढावर साखळी मोठ्या चक्रावर घ्यायची. मग एका फेऱ्यात अंतर कमी कापले जाते, पण पायाला काम हलके होते. कमी जोर आणि जास्त फेरे, किंवा जास्त जोर आणि कमी फेरे. निवड आपली.

लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल घेतली आणि १८८८ मध्ये दोघा भावांनी धंदा सुरू केला. त्यांची वाटणी सोपी होती. लक्ष्मणराव नोकरी सांभाळून मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला पाठवत. रामूअण्णा बेळगावला त्या विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स.

विकणाऱ्यानेच शिकवायचे, हे तुम्हांला गमतीचे वाटेल. पण न शिकवून सांगता कुणाला? गावात सायकल येणारा दुसरा माणूसच नव्हता. शिवाय त्या सायकली आजच्यापेक्षा अवघड होत्या. तुम्ही उतारावर पायडल मारणे थांबवता आणि मजेत खाली जाता, कारण मागच्या चक्रात फ्रीव्हील असते. ती सोय सायकलींमध्ये सर्रास आली ती १९०० च्या आसपास. त्याआधी चाक फिरले की पायडल फिरणारच. उतारावर सायकल तुमचे पाय फिरवू लागे! नव्या माणसाची तारांबळ होत असणार. मी स्वतः तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर शिकलो. अब्बा मागून सीट धरून धावायचे आणि नकळत हात सोडायचे. रामूअण्णांचे नाव वाचले की मला ते आठवतात.

१८८८ या वर्षाची आणखी एक गोष्ट सांगतो. तिकडे आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर राहत. त्यांचा मुलगा तीन चाकी सायकल चालवी. चाकांवर भरीव रबर असल्यामुळे दगडी रस्त्यावर त्याची हाडे खिळखिळी होत. डनलॉप यांनी रबराची नळी चाकावर बसवली, तीत हवा भरली, आणि धक्के एकदम कमी झाले. १८८८ मध्येच त्यांनी या टायरचे पेटंट घेतले. पुढच्या वर्षी बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम नावाच्या सायकलस्वाराने हे फुगीर टायर लावले. लोक आधी हसले. तो जिंकला, तेव्हा हसणे थांबले. खरे तर अशीच कल्पना रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्ये मांडली होती आणि त्यामुळे डनलॉप यांचे पेटंट पुढे रद्द झाले. पण टॉमसन यांच्या वेळी सायकलच नव्हती, म्हणून त्यांचा टायर लोकांच्या विस्मरणात गेला होता.

हवेचा टायर म्हणजे मऊ गादी असे समजू नका. टायरमध्ये हवा कमी असेल तर तो रस्त्यावर चपटा होतो, प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि पुन्हा फुगतो. त्यात तुमची ताकद वाया जाते. खड्ड्यात रिम आपटून ट्यूब दोन ठिकाणी चिरते, ते वेगळेच. पुष्कळ मुले सायकल जड झाली म्हणून तक्रार करतात. सायकल जड झालेली नसते, आठ दिवसांत हवा भरलेली नसते! आणि आपल्याकडची बाभूळ तर कोणत्याही टायरची भीड ठेवत नाही.

नवी सायकल विकली, की काम संपत नसे. ती बिघडे. साखळी सैल पडे, चाक डगमगे, छर्रे झिजत. तुम्ही सायकलवाल्याकडे बसून कधी पाहिले आहे का? चाक उलटे टांगून तो फिरवतो, डोळा बारीक करतो, एक तार किंचित आवळतो, समोरची किंचित सैल करतो. याला तो आउट काढणे म्हणतो. केसभर चूक झाली तरी चाक ब्रेकला घासते. अशा कामात हाताला मापाची सवय लागते. लोखंड कोठे वाकते, कोठे तुटते, तेल नसेल तर काय होते, हे बोटांना कळते. साखळी, दातेरी चक्र, आस, छर्रे आणि नट-बोल्ट : सायकल म्हणजे लहानसा कारखानाच. बेळगावच्या दुकानाने किर्लोस्करांच्या घरात हा कारखाना आणला होता.

तिकडे मुंबईत मात्र लक्ष्मणरावांच्या वाट्याला अन्याय आला. त्यांना बढती मिळायला हवी होती. ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. काम कोण चांगले करतो यापेक्षा माणूस कोण आहे, हे पाहिले गेले. लक्ष्मणरावांनी भांडण केले नाही आणि मान खाली घालून ते तेथे राहिलेही नाहीत. १८९७ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला सायकलच्या दुकानात आले. घरी पगार येणे बंद झाले. धंद्यात पडले तर दोन्ही भाऊ पडणार होते.

ज्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते, त्याला आजही किर्लोस्कर रोड म्हणतात. पण सायकली विकण्यावर लक्ष्मणरावांचे मन भागेना. सायकल परदेशात तयार होई, आपण ती फक्त विकायची आणि दुरुस्त करायची. स्वतः काही घडवावे, असे त्यांच्या मनाने घेतले. आसपास शेतकरी होते. जनावरांना कडबा तोडून घालण्यात त्यांचा वेळ जाई. किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग त्यांनी नांगराकडे पाहिले. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलथवतो. १९०३ मध्ये त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला.

तो कोणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज होता. शेतकऱ्यांना हसू नका. ज्याच्याजवळ पोट भरायला एकच तुकडा जमीन आहे, तो तिच्यावर प्रयोग कसा करील? नांगर दुकानात पडून राहिले. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. पण ज्यांनी घेतले, त्यांचे पीक शेजाऱ्यांनी पाहिले. नांगराची जाहिरात शेतातच झाली.

जरा कोठे जम बसतो, तोच नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी होती. जागा सोडण्याचा हुकूम आला. भट्टी, यंत्रे, कामगार आणि त्यांची बायकामुले घेऊन जायचे कोठे? त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका मंदिराच्या सभामंडपाचे बांधकाम करीत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण समजली. हे राजे स्वतः चित्रकार होते आणि रोजच्या व्यायामाचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी आपल्या संस्थानातील जागा देऊ केली आणि पैशाचीही मदत केली. कुंडल रोड नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर माळरान होते. निवडुंग, दगड आणि साप, एवढेच तेथले पीक. १० मार्च १९१० रोजी पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह तेथे वसाहत सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी. आमच्या वारणानगरहून वारणा ओलांडली, इस्लामपूरवरून पुढे जाऊन कृष्णा ओलांडली, की पलूस तालुक्यात हे गाव लागते. स्टेशनचे नावही आता किर्लोस्करवाडी आहे.

तेथे कारखान्याबरोबर घरेही उभी राहिली. लक्ष्मणरावांनी वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कोणी कामावर घेत नसे, त्यांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले. ज्यांच्यावर चोरीचा आळ होता, तेच आता राखण करू लागले. लक्ष्मणरावांनी हे कोणाला उपदेश करून सांगितले नाही, करून दाखवले. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग नांगराइतकाच मोठा वाटतो.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे बंद झाले आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण आता लोखंडच मिळेना आणि कोळसाही मिळेना. लाकडाचा कोळसा करून भट्ट्या पेटवल्या गेल्या. लोखंडासाठी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला आले. त्यांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. ज्या तोफांनी कधी काळी माणसे मारली असतील, त्या आता नांगर होऊन शेतात गेल्या. आपल्या भागातल्या एखाद्या काळ्या रानात त्यातला नांगर चालला असेल, असे मला उगाच वाटत राहते.

पुढची हकिकत मोठी आहे, मी ती थोडक्यात सांगतो. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप अशी एकेक वस्तू किर्लोस्करवाडीत होऊ लागली. पुतणे शंकरराव यांनी तेथूनच १९२० मध्ये मासिक सुरू केले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आला. १९४६ मध्ये पुण्याला इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. मध्यंतरी लक्ष्मणराव औंध संस्थानचे दिवाणही झाले होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

या पाठात दुकान, कारखाना, मदत, हुकूम, जमीन असे कितीतरी शब्द आले. ते तुम्ही घरी उर्दूत रोज बोलता, म्हणून तुम्हांला अडले नसतील. जे अडले असतील, ते वहीत लिहून ठेवा.

तुमच्यातले काहीजण सुट्टीत सायकलने पन्हाळ्याला जाण्याचा बेत करीत आहेत, असे कानावर आले आहे. जा, पण उद्याच निघू नका. ज्याला रोज पाच किलोमीटरची सवय आहे, त्याने पहिल्या आठवड्यात दहा करावे, मग पंधरा. एखादा दिवस पायांना विश्रांती द्यावी. रोज जास्तीत जास्त दमणे म्हणजे तयारी नव्हे. बोलता बोलता श्वास तुटत नसेल, तर वेग बरोबर आहे असे समजा. सीटची उंची पाहा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पुष्कळांची सीट फार खाली असते आणि मग घाटात गुडघे बोलू लागतात. टायरची हवा आदल्या दिवशी तपासा, सकाळी नव्हे. ब्रेकचे रबर पाहा, कारण चढताना ब्रेक लागत नाहीत, पण उतरायचे असतेच. दोघांत मिळून एक पंप, एक पाना आणि पंक्चरचे सामान असू द्या.

आणि उद्या वर्गात येताना एक काम करून या. आपल्या सायकलच्या पुढच्या आणि मागच्या चक्राचे दाते मोजा. हात काळे होतील, त्याला इलाज नाही. चाकाचा व्यासही मोजा. ज्याच्याजवळ सायकल नाही, त्याने मित्राची मोजावी. पायडलच्या एका फेऱ्यात कोणाची सायकल किती फूट जाते, ते आपण फळ्यावर मांडू.